दहा वाजता सुरू होणारी रात्र

दिवाळी आटोपली, हलका धान कापून कडपा बांधीत पडल्या की आमच्या इटियाडोहाच्या पट्ट्यात मंडया लागतात. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी सांगतो, मंडई म्हणजे भाजीबाजार नाही. भाऊबीजेपासून एकेका गावाची तारीख ठरलेली असते. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरे-धायरे गोळा होतात, दुकानं लागतात, दुपारी दंडार होते आणि रात्री नाटक. एसटी स्टँडवर, पानठेल्यावर, विजेच्या खांबावर पोस्टर चिकटलेलं असतं. वर कंपनीचं नाव, त्याखाली नायक-नायिकेचे फोटो, मग उद्घाटकांची भलीमोठी यादी, अगदी तळाशी बारीक अक्षरात ऑर्गन कोण, तबला कोण, ऑक्टोपॅड कोण. आणि ठळक अक्षरात 'रात्री ठीक १० वाजता'.

आता गंमत बघा. याच दहाच्या ठोक्याला देशाचा कायदा भोंगा बंद करायला सांगतो. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर नाही. सभागृहासारखी बंदिस्त जागा असेल तर सूट. सण-उत्सवासाठी सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस सवलत देऊ शकतं, तीही रात्री बारापर्यंतच. आणि आमचं नाटक पहाटे पाचला संपतं. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं झाडीपट्टीचं नाटक जिथं सुरू होतं तिथंच ते संपायला पाहिजे.

यावर दर हंगामात कुठं ना कुठं वाद होतो आणि दोन्ही बाजूंनी फार सोपं बोललं जातं. एक म्हणतो, 'आमची परंपरा आहे, कोण अडवते पाहू.' दुसरा म्हणतो, 'जमाना बदलला, तीन तासांत आटपा.' मला वाटतं दोघांनाही ही रात्र आली कुठून हे ठाऊक नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. इथं संगीत नाटक यायच्या कितीतरी आधी रात्र जागवायची सवय होती. दंडार होती, खडी गंमत होती, डहाका होता. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशा. ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, टाळकरी उभ्यानं वाजवणार, शाहीर उभ्यानं गाणार, बाईचं काम पुरुष नाच्या करणार. 'खडी' हे नाव त्या उभं राहण्यावरून. इथून रेल्वेनं पूर्वेला गेलात की डोंगरगड, राजनांदगाव लागतं. तिकडं नाचा नावाचा लोकनाट्याचा प्रकार आहे आणि त्याच्या जुन्या रूपाला 'खडे साज' म्हणतात. वादक उभे, वाद्यं कमरेला बांधलेली. दोन राज्यांच्या, दोन भाषांच्या सीमेवर एकच रीत. त्या नाचाच्या कलावंतांना घेऊन हबीब तन्वीर यांनी 'चरणदास चोर' उभं केलं आणि १९८२ साली ते एडिंबरोच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आलं. शेजारच्या गावची कला विलायतेला पोचली. आपली खडी गंमत अजून तालुक्याच्या गावी पोचायला धडपडते आहे, पण तो विषय वेगळा.

या सगळ्याला पैसा कोण देत होतं? मालगुजार. हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. गाव मालगुजाराचं, तलाव त्याच्या देखरेखीखाली आणि शंकरपटाचा मानही त्याच्याकडं. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दहा-वीस कोसांवरून माणसं जोड्या घेऊन यायची. पट दोन-तीन दिवस चालायचा. एवढी पाहुणे मंडळी रात्री करणार काय? ना लाईट, ना वाहन, बाहेर कडाक्याची थंडी. झोपायला तरी एवढ्यांना जागा कुठं? म्हणून रात्रभराचा खेळ. माझ्या समजुतीप्रमाणं या रात्रीचं मूळ इथं आहे. रात्र काढण्यासाठी नाटक होतं, नाटकासाठी रात्र नव्हती. ज्याला परत जायला गाडी नाही त्याला पहाटेपर्यंत ऊब, उजेड आणि बसायला जागा द्यायची, ही पाहुणचाराची रीत होती.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. हौसेनं पैसा ओतणारा एक माणूस गेला, पण खेळ गेले नाहीत. गावाची मंडळं झाली. मंडळानं वर्गणी काढायची, कंपनीशी ठेका करायचा, तिकीट लावायचं, उरलेल्या पैशातून देऊळ, शाळेची भिंत, समाजमंदिर. कुणी म्हणेल यात काय विशेष. पण महाराष्ट्रात अशी किती रंगभूमी आहे जी सरकारी अनुदानावर न जगता, धान विकून आलेल्या पैशावर, तिकिटावर, गावागावात जगते? आणि वरून गावाला काही देऊन जाते?

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं आणि संगीत नाटकाची लाट निघाली. ऑर्गन आला, तबला आला, नांदी आली. ती लाट विदर्भात शिरली आणि आमच्या दंडारीत, गमतीत मिसळली. पुढं तिकडं बोलपट आला. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठीतला पहिला, आणि दहा-वीस वर्षांत शहरातल्या संगीत नाटक कंपन्या एकामागोमाग बसल्या. झाडीत मात्र टॉकीज कुठं होत्या? ऑर्गन वाजतच राहिला. 'एकच प्याला', 'लग्नाची बेडी' इथं गावोगाव होत राहिली. मग इथल्याच लेखकांनी इथल्या दारूवर, सावकारावर, भावाभावांच्या वाटण्यांवर नवी नाटकं लिहिली. पुण्यात जो वाद्यवृंद आता आठवणींच्या कार्यक्रमात दिसतो तो आमच्याकडं कामावर आहे. रंगमंचापुढं खाली, खोलगट जागेत बसतो. तोंड नटांकडं, पाठ लोकांकडं.

कंपन्यांचं बिऱ्हाड वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला. रेल्वेचं ठेसन, चारही जिल्ह्यांना जोडणारे रस्ते, म्हणून तिथं. पन्नासच्या वर कंपन्यांची ऑफिसं. हंगाम आला की गावोगावची मंडळं तिथं जाऊन नाटक 'बुक' करतात. आता इटियाडोहाकडं वळतो. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० चं, गोठणगावजवळ. त्याचं पाणी अर्जुनी मोरगावातून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत जातं. ज्या बांधीत पूर्वी एकच पीक व्हायचं तिथं कालव्याच्या भरवशावर उन्हाळी धान होऊ लागला. माणसाच्या हातात वर्षातून दुसऱ्यांदा पैसा आला. मी नेहमी गमतीनं म्हणतो, आमचं पाणी वडशाकडं जाते अन् वडशाहून आमच्याकडं नाटक येते. हिशेब बरोबर.

गेल्या हंगामात माझा एक मित्र नागपूरहून आला होता. वयानं माझ्याएवढाच, म्हणजे पन्नाशी उलटलेला. कॉलेजच्या दिवसांत मुंबईला होता, रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, केस खांद्यापर्यंत. आता केस नाहीत पण बोटं टेबलावर चालूच असतात. संध्याकाळी धरणाच्या पाळीवर फिरलो. मग मी म्हटलं, 'चाल, आज तुले बँड दाखवतो.' कालव्याकाठच्या एका गावी मंडई होती. चटई, चादर आणि मुरमुऱ्याची पुडी घेऊन आम्ही जमिनीच्या तिकिटावर बसलो. खुर्चीच्या तिकिटात ती मजा नाही.

दहाचं नाटक अर्थात साडेअकराला सुरू झालं. आधी उद्घाटन, सहउद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, मग सत्काराला उत्तर. (कायद्यानं भोंगा बंदच करायचा असेल तर या दीड तासाचा आधी करा, अख्खं गाव टाळ्या वाजवेल.) शेवटी नटराजाची पूजा झाली, ऑर्गनवर सूर लागला आणि मित्र सरसावून बसला. त्याला रंगमंच दिसतच नव्हता, तो त्या खड्ड्यातल्या तिघांकडंच बघत होता. नट वाक्य विसरला की प्रॉम्प्टर आवाज देतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या अर्ध्या क्षणाची फट ऑर्गनवाला भरतो. नायिका रडायला लागायच्या आधी तबल्यावर थाप पडते. तालीम जवळजवळ नाही, आज हा नट तर उद्या दुसरा, रोज नवं गाव. सगळं कानावर. मित्र म्हणाला, 'आम्ही सहा महिने तालीम करून जे जमवायचो ते हे लोक रोज रात्री न ठरवता करतात.'

साडेबाराच्या सुमारास गाडी आली. गावातल्याच कुणीतरी फोन केला होता. मंडळाचे लोक धावले, बोलाचाली झाली, हात जोडून झाले आणि साऊंड बंद झालं. ऑक्टोपॅड मुका. टांगलेले माईक नुसते लोंबकळत राहिले. मला वाटलं आता लोक उठतील, आरडाओरड होईल. झालं भलतंच. त्या कंपनीकडं अजून पायानं हवा भरायचा जुना ऑर्गन होता. वादकानं सूर धरला, तबल्यानं साथ दिली, नट पुढं येऊन उंच आवाजात बोलायला लागला. आणि दीड-दोन हजार माणूस असं गप्प झालं की मागच्या रांगेत पोरगं खोकललं तरी ऐकू यावं. प्रॉम्प्टरचा आवाजही सगळ्यांना ऐकू येत होता, त्यामुळं प्रत्येक वाक्य आम्ही दोनदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा हसलो. जवळजवळ तासभर नाटक तसं चाललं. मग नटांचे गळे बसले, तिसरा अंक गुंडाळावा लागला आणि दोनला सगळं संपलं.

तिथून पुढं खरी अडचण सुरू झाली. दोन वाजता लोक जाणार कुठं? आजूबाजूच्या गावचे ट्रॅक्टरवर आले होते, ट्रॅक्टरवाला पाचला निघणार होता. बाया-लेकरं रिकाम्या मंडपात चादरी पांघरून बसली. कुणी शेकोटी पेटवली. चहावाल्याचा धंदा जोरात झाला आणि दुसरे काही धंदेही, ज्यांची नावं इथं घेत नाही. म्हणजे शांततेसाठी नाटक बंद केलं आणि गाव पहाटेपर्यंत जागंच राहिलं.

शेकोटीजवळ मित्रानं मुंबईच्या रंगभवनची गोष्ट सांगितली. धोबीतलावजवळ उघड्या आकाशाखालचं थिएटर. १९७८ पासून तिथं जॅझ यात्रा भरायची. १९८६ ला 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं, कॉलेजची पोरं हजारोंनी जमायची. हा त्या गर्दीत घाम गाळलेला माणूस. मग शांतता क्षेत्राचा नियम आला. जवळ कामा हॉस्पिटल, झेवियर कॉलेज. नियम चुकीचा म्हणता येणार नाही, बाळंतिणीच्या खाटेजवळ रॉक कशाला पाहिजे? पण २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रंगभवनातला आवाज बंद झाला आणि त्या पोरांना तशी हक्काची, शहराच्या मधोमध, स्वस्त तिकिटाची जागा पुन्हा मिळाली नाही. कार्यक्रम होतात, पण लांब, आणि खिसा असणाऱ्यांसाठी. मित्राचं म्हणणं एवढंच होतं की तेव्हा सगळे 'आमचं संगीत, आमचं स्वातंत्र्य' म्हणत राहिले, कायद्याच्या चौकटीत कसं बसवायचं हे कुणी मांडलं नाही. नियम एकच, मुंबईत त्यानं जागा गेली. आपल्याकडं ती अजून गेलेली नाही, दर वर्षी ठाण्यातल्या परवानगीवर आणि साहेबांच्या समजूतदारपणावर लटकून आहे.

आता उलट बाजूही बोलू. ज्यानं फोन केला त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. त्याच्या घरी म्हातारी आजारी असेल, पोरगी बारावीला असेल. हंगाम होळीपर्यंत चालतो आणि परीक्षा त्याच दिवसांत येतात. चार कर्णे चार दिशांना तोंड करून लावायची जी पद्धत आहे तिला परंपरेशी काही देणंघेणं नाही. मालगुजाराच्या काळी कर्णे नव्हतेच. तीन गावं पलीकडच्या माणसाला तिकीट न काढता नाटक ऐकू जावं ही कुठली कला? सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या निकालात सांगितलं ते मला पटतं, ज्याला ऐकायचं नाही त्याच्या कानात आवाज कोंबायचा अधिकार कुणाला नाही.

पण ऐकायचं आहे त्याचं काय? पंधरा दिवसांची सवलत साऱ्या जिल्ह्यासाठी एकच यादी करून दिली जाते आणि त्यात गणपती, नवरात्र, दिवाळी, ३१ डिसेंबर असे दिवस येतात. मंडईची तारीख प्रत्येक गावाची वेगळी. माझ्या गावाची मंडई वर्षात एकदा. एका गावाच्या कानावर वर्षातून एक रात्र. जिल्ह्याचा हिशेब केला तर चार महिने गोंगाट दिसतो, गावाचा केला तर ३६५ पैकी एक. ही गोष्ट मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात येणं कठीण, ती आपणच सांगायला पाहिजे.

शंकरपटाचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. सात-साडेसात वर्षं पट बंद. त्या काळात लोक नुसते रडले नाहीत. राज्यानं कायदा केला, अटी मान्य केल्या, बैलाला इजा होणार नाही याचे नियम आले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. अटी घेऊन पट परत आला. आपल्या मागं धावणाऱ्या बैलासाठी जेवढी वकिली झाली तेवढी रात्रभर वाजवणाऱ्या माणसासाठी व्हायला काय हरकत आहे?

कारण नाटक दोनला संपलं की मार कुणाला बसतो ते बघा. कंपनी मंडळाकडून ठरलेल्यापेक्षा कमी पैसे घेते आणि कपात खालून सुरू होते. नायकाचं मानधन आधीच ठरलेलं, नागपूर-पुण्याहून आलेल्या नटीचंही. राहिले ते खड्ड्यातले तिघे, प्रॉम्प्टर, पडदेवाला. कोरोनात २०२० चा हंगाम बुडाला तेव्हाही हेच झालं, नट निदान लोकांना माहीत होते, मदत मागता आली. वादकाची पाठच लोकांनी पाहिलेली. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीत दिवाळी झाली, व्हायलाच पाहिजे होती. पण त्या हजारो प्रयोगांत त्यांच्यासमोर ऑर्गनवर कोण कोण बसलं होतं, त्याची यादी कुणाकडं आहे? जुनी पोस्टरं घरात पडली असतील तर फेकू नका. तळाशी बारीक अक्षरात आपला इतिहास छापलेला आहे.

तर मागणी काय करायची, हे त्या शेकोटीजवळच थोडंफार ठरलं. एक तर कर्णे बंद. मित्राचा सल्ला असा की मंडपाच्या आत, प्रेक्षकांच्या जवळ लहान लहान स्पीकर लावा, तोंड आतल्या बाजूनं आणि खालच्या दिशेनं. आवाज कमी लागतो आणि बाहेर फार जात नाही. खर्च थोडा वाढेल, पण उद्घाटकांच्या हारांचा खर्च वाचवला तर निघून येईल. मंडपाची जागा दवाखान्यापासून, शाळेपासून लांब, आणि जवळच्या घरांना आधी विचारून. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात लिहायचं. त्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि आमदारांमार्फत सरकारकडं मागायचं की सवलतीचे दिवस गावाच्या मंडईप्रमाणं मोजा आणि या अटी पाळणाऱ्या नाटकाच्या मंडपाबाबत वेगळा निर्णय करा. बारानंतरचा प्रश्न जिल्ह्यात सुटणारा नाही, त्यासाठी नियमच बदलावा लागेल, तो केंद्राचा आहे. म्हणून एका गावाच्या कागदानं भागणार नाही. चारही जिल्ह्यांतून शे-दोनशे ग्रामसभांचे ठराव एकत्र गेले तर कुणाला तरी वाचावे लागतील.

आमच्या गावचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडतो आहे. मसुदा मराठीत, एका पानाचा, तयार आहे. ज्यांना हवा त्यांनी खाली आपल्या गावाचं नाव आणि मंडईची तारीख लिहा, पाठवतो. आणि घरी जुनं पोस्टर असेल तर फोटो काढताना तळाच्या ओळी कापू नका.